नसलेल्या काकांचं सुतक

शुभाच्या फोनला मी वेगळी रिंगटोन लावून ठेवली होती. बाकीचे फोन तरी निर्धास्तपणे घेता यावेत, एवढाच त्यामागे हेतू. झालं भलतंच. ती धून टीव्हीवर वाजली तरी छातीत धस्स व्हायचं, आणि वाजली नाही तर फोन बंद पडला की काय म्हणून मी तो सारखा उचलून बघायचो. माझा स्वभावच काळजीखोर. बायको म्हणते, हा माणूस देवळात गेला तरी चपलांकडे बघत प्रदक्षिणा घालतो. तर त्या सकाळी इथे टेक्ससमधल्या प्लेनोत, इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन मी रांगेत उभा होतो आणि ती धून वाजली. शुभा म्हणाली, "अविनाश, मुकुंद गेला रे. पहाटे, झोपेतच..." मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही.  मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "आता गावाला काय सांगायचं?"

नवरा नुकताच गेलेल्या बाईने पहिला प्रश्न हा विचारावा, याचं कोणालाही नवल वाटेल. मला वाटलं नाही. तोच प्रश्न गेले कित्येक महिने माझीही झोप खात होता. पण तो का, हे सांगायचं तर मुकुंद सबनीस नावाच्या माझ्या मित्राची गोष्ट जरा मागून सांगायला हवी.

आम्ही दोघं सांगलीच्या कॉलेजातले. एकाच वर्षी एमएससाठी टेक्ससला आलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच कुकरमधली खिचडी खाल्ली. मी शिकून सरळ सॉफ्टवेअरच्या वाटेने प्लेनोत आलो आणि इथलाच झालो. मुकुंद मात्र सुट्टीतलं काम म्हणून सीडर बेंड नावाच्या, तुम्ही कधी ऐकलं नसेल अशा गावी गेला. हमरस्ता सोडून आत वळायचं, पाण्याची उंच टाकी दिसली की गाव आलं. तिथल्या छोट्या बँकेने नवे कॉम्प्युटर घेतले होते आणि ते वापरायचे कसे हे कोणालाच कळत नव्हतं. बँकेचे म्हातारे मालक मिस्टर हॅन्सन यांच्या लक्षात आलं की या पोराला कॉम्प्युटर तर कळतोच, पण समोरचा माणूस कुठे अडलाय हेही कळतं. त्यांनी त्याला काउंटरवर उभा केला. आम्ही मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली. "एमएस करून नोटा मोजतोस होय रे?" तो हसायचा आणि विषय बदलायचा. म्हाताऱ्याने त्याच्या व्हिसाचं केलं, पुढे ग्रीन कार्डचंही केलं. शुभा लग्न करून आली ती थेट तिथेच, आणि गावच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायला लागली. हॅन्सन निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपल्या खुर्चीवर मुकुंदला बसवलं. काउबॉय हॅट घातलेल्या माणसांच्या गावात सबनीस नावाचा बँक प्रेसिडेंट! आम्ही प्लेनोकर मंडळी गणपतीच्या कार्यक्रमात हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो.

त्या पदावर काय काय करावं लागतं हे मला त्याच्यामुळे कळलं. गावच्या जत्रेत शाळेतल्या मुलांनी वाढवलेल्या जनावरांचा लिलाव असतो, आणि बँकेच्या माणसाने त्यात बोली लावायचीच असा रिवाज. जन्मात अंडंही न खाल्लेला मुकुंद दरवर्षी एका बोकडासाठी हात वर करायचा, आणि तो जिंकून लगेच त्याच मुलाला परत देऊन टाकायचा. शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलची फुटबॉल मॅच चुकवायची नाही, मग खेळ कळो न कळो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करायची नाही. हे हॅन्सनने त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बँकरने रस्ता ओलांडताना पाऊल उचलून चालायचं नाही. पाऊस असो, फोन वाजत असो, बायको दवाखान्यात असो, सावकाश. कारण बँकर धावताना दिसला तर गाव विचार करतं की हा का धावतोय? मुकुंद मला म्हणाला होता, "अव्या, सगळे एकाच सकाळी आपापले पैसे मागायला आले तर जगातली कुठलीच बँक ते देऊ शकत नाही. येत नाहीत, कारण त्यांना वाटतं सगळं ठीक आहे. ते तसं वाटत राहावं, हेच माझं काम." हे ऐकून मला आठवडाभर नीट झोप लागली नव्हती. त्याला रोज कशी लागत असेल, असा प्रश्न पडला होता. लागत नसेच. तो आमच्याकडे यायचा तेव्हा चहाचा कप हातात घेऊन मागच्या अंगणात तरातरा येरझाऱ्या घालायचा. आठवडाभर सावकाश चालण्याचा शीण तो आमच्या हिरवळीवर काढायचा, आणि आमच्या कुंपणालगत त्याची एक पाऊलवाटच पडली होती.

मग त्याचे वडील गेले. मुकुंद एकुलता एक, तातडीने सांगलीला गेला, दिवसकार्य सगळं केलं आणि परत आला. आल्यावर मी त्यांना भेटायला निघालो. बायकोने डबे भरून दिले होते. सरळ बँकेतच जाऊन त्याला घेऊ आणि घरी जाऊ असा विचार केला, तर बँकेच्या दारातून रांग थेट फुटपाथवर आलेली. सीडर बेंडमध्ये रांग! तिथे डोनटच्या दुकानातसुद्धा रांग लागत नाही. मी गाडी लावून एका बाईला विचारलं तर ती डोळे पुसत म्हणाली, "आमच्या प्रेसिडेंटला कॅन्सर झालाय. बिचारा किती दिवस सांगितलंच नाही." मी धावत आत गेलो, तर मुकुंद आपल्या खोलीत उभा. डोक्याचा तुळतुळीत गोटा, झुपकेदार मिशी गायब, प्रवासाने आणि जागरणांनी डोळे खोल गेलेले. मला सगळं एका क्षणात समजलं. वडील गेल्यावर मुलाने केस काढायचे असतात हे आपल्याला सांगावं लागत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते सांगायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो तसाच नेहमीप्रमाणे सोमवारी बँकेत येऊन बसला होता. डोनटच्या दुकानातल्या मंडळींनी दुपारपर्यंत निदान करून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला शेपूट फुटलं की हा जाणार, बँक शहरातल्या मोठ्या बँकेला विकली जाणार, तेव्हा आपले पैसे आजच काढलेले बरे.

"अव्या, रांग वाढतेय," तो मराठीत म्हणाला. आवाज शांत होता. मग तो खोलीबाहेर आला आणि तसाच उघड्या डोक्याने, सावकाश चालत फुटपाथवर गेला. मी मागे. मला वाटत होतं, आता हा काय बोलणार आणि त्याचं काय होणार! त्याने फार काही सांगितलं नाही. माझे वडील गेले, आमच्यात मुलगा आपले केस देतो, मला काही झालेलं नाही, केस परत येतील, एवढंच. कोणी हललं नाही.  मग रांगेच्या मध्यावरच्या एका दणकट म्हाताऱ्याने डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. आत चकचकीत टक्कल. "माझा बाप गेला तेव्हा," तो म्हणाला, "माझ्याकडे द्यायला काही उरलंच नव्हतं." पहिल्यांदा कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच, आणि हॅटी उतरल्या. बरेचसे लोक पैसे न काढता मुकुंदचा हात हातात घेऊन गेले. सगळे नाही. फुलांचं दुकान चालवणारी म्हातारी मिस डॉटी सरळ काउंटरवर गेली. "राग मानू नकोस, बाळा," ती त्याला म्हणाली, "पण मी आपली माझी ठेव घेऊन जाते." ती परत आली ती त्याला भांग पाडता येईल एवढे केस आल्यावर. मधल्या काळात अख्खं गाव त्याच्या डोक्यावर लक्ष ठेवून होतं. न्हाव्याच्या दुकानात म्हणे, सबनीसांचे केस किती वाढले यावर चर्चा झाल्याशिवाय दिवस सुरू होत नसे.

ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती आणि आम्ही ती पुष्कळ वर्षं हसण्यावारीच नेली. मुकुंद तेवढा हसायचा नाही. एकदा म्हणाला, "त्या दिवशी मला कळलं, माझं शरीर माझं नाहीये."

मधल्या वर्षांत हॅन्सन गेले. बँकेची मालकी त्यांच्या नातवंडांकडे आली. ती दूरच्या शहरांतून राहणारी, सीडर बेंडशी त्यांचा संबंध नाताळच्या कार्डापुरता. एका मोठ्या बँकेने ही छोटी बँक विकत घ्यायची तयारी दाखवली होती. घेऊन काय करणार हे उघड होतं. वर्षभर पाटी बदलून ठेवायची, मग दार बंद, आणि गावाने आपल्या कामासाठी तासभर गाडी हाकत जायचं. मुकुंदचं म्हणणं, आपली माणसं आपल्याच हातात राहिली पाहिजेत. त्याने रोझा नावाच्या मुलीला तयार करत आणलं होतं. ती गावातलीच, शुभाची विद्यार्थिनी, काउंटरवरून वर चढत आलेली. उन्हाळ्यात बँकेच्या बोर्डाच्या, म्हणजे त्या नातवंडांच्याच, सभेत तिला प्रेसिडेंट करून घ्यायचं आणि मग आपण निवृत्त व्हायचं, असा बेत ठरलेला. आणि नेमका त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, पाठ का दुखते म्हणून केलेल्या तपासण्यांमधून ते निघालं... या वेळी खरोखरचं.

ट्रीटमेंटसाठी तो डॅलसला जायचा आणि जाता-येता आमच्याकडे मुक्काम करायचा. गावात सांगायचा, शहरात मीटिंग आहे. एका सकाळी मी त्याच्या खोलीत चहा घेऊन गेलो तर तो उशीकडे बघत पलंगाच्या कडेवर बसला होता. उशीवर केसांचा पुंजका.

"कॅप घाल ना यार," मी म्हणालो. "हिवाळा आहे, कोण विचारतंय?"

"बँकेत? लोक माझ्यासमोर हॅट काढून बसतात, आणि मी कॅप घालून बसू?" थोड्या वेळाने म्हणाला, "काका गेले म्हणून सांगतो."

"कुठले काका? तुझे वडील एकुलते एक होते."

"म्हणूनच. खऱ्या कोणाला मारल्यासारखं नाही होत."

दारात उभ्या असलेल्या शुभाने ते ऐकलं आणि ती भडकली. "अशुभ बोलू नकोस! आणि काकासाठी कोण केस काढतं?" मुकुंद म्हणाला, "ते सीडर बेंडला माहीत नाही." ती तिथून निघून गेली आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. मला तिचं पटत होतं आणि त्याचंही पटत होतं, म्हणजे माझी नेहमीची अवस्था. मी फक्त एवढंच विचारलं, "भुवयांचं काय करणार? त्याही जातील." "भुवया कोण बघतं?" तो म्हणाला. बोर्डापासून आजार लपवणं योग्य आहे का, असंही एकदा धीर करून विचारलं. तो म्हणाला, "नाहीये. पण मी सांगितलं तर ते उद्या विकतील." 

तर गावाला सांगण्यात आलं की मुकुंदचे भारतातले काका वारले, वडिलांच्या जागी होते, म्हणून केस दिले. त्यानंतरचे महिने मी कसे काढले माझं मला माहीत. नसलेल्या माणसाचं सुतक आम्ही सगळे पाळत होतो. शुभा त्याला ट्रीटमेंटहून घेऊन जाताना गाडी चालवायची आणि गावाबाहेरच्या गॅस स्टेशनवर थांबायची. तिथे तो बाजूच्या सीटवरून उतरून, गाडीला धरत धरत वळसा घालून स्टिअरिंगपाशी यायचा, कारण मेन स्ट्रीटवरून जाताना तो स्वतः गाडी चालवताना दिसला पाहिजे. एकदा मी मागून माझ्या गाडीने त्यांच्या सोबतीला गेलो होतो, तेव्हा हे पाहिलं. चेहरा राखेसारखा, पण मेन स्ट्रीटवर एक हात बाहेर काढून दिसेल त्याला सलाम. मागे मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, जणू त्याचीही गाडी मीच चालवतोय. त्यांची मुलगी ईशा रेडमंडहून रोज फोन करायची. "Dad, just tell them!" ती रडत म्हणायची. तो तिला हवापाण्याचं विचारायचा. आम्हा तिघांपैकी कोणापाशीही तो एकदासुद्धा बोलला नाही की त्याला काय वाटतंय. आमच्या अंगणात आता येरझाऱ्याही होत नव्हत्या. तो खुर्चीत बसून कुंपणाकडे बघत असायचा आणि मी विचारलं तर म्हणायचा, "ठीक आहे रे. बराय."

उन्हाळ्यात बोर्डाने रोझाला मान्यता दिली. विक्रीचा विषय निदान तेवढ्यापुरता तरी मिटला. मुकुंदने निवृत्ती जाहीर केली, गावाने शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये त्याला जेवण दिलं. रोझा जरा स्थिरावली की मी स्वतः सगळ्यांना खरं सांगेन, असं तो म्हणत होता. ते व्हायचं नव्हतं. मी त्याला शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणातून उठत नव्हता. खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती, तिच्याकडे बघत तो म्हणाला, "अव्या, ते मला खोटारडा म्हणतील. आयुष्यभर मी त्यांना एवढंच सांगत आलो की माझ्या शब्दावर विश्वास ठेवा..." मी म्हणालो, असं काही होणार नाही. पण तो माणसं वाचण्यात मुरलेला, माझ्या आवाजात खात्री नाही हे त्याला कळलंच असणार. "आणि शुभाला इथे राहायचंय," तो म्हणाला. "तिला इथून जावं लागायला नको." त्यानंतर तो झोपला. मी परत निघालो आणि काही दिवसांतच त्या कोथिंबिरीच्या रांगेत तो फोन आला.

"आता गावाला काय सांगायचं?" या शुभाच्या प्रश्नाला आम्ही शेवटी पळपुटं उत्तर दिलं. गावच्या पेपरात 'दीर्घ आजाराने' एवढंच छापून आलं. पण दीर्घ म्हणजे किती, हा हिशोब कोणीही करू शकतं. शोकसभेला अख्खं गाव होतं. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा मनात दुःखापेक्षा भीतीच जास्त होती. कोणीतरी उठून विचारेल, तो कधीपासून आजारी होता? कोणी विचारलं नाही. चहाच्या वेळीसुद्धा नाही. सगळे फार प्रेमाने वागले, आणि माझी भीती उलट वाढली. शुभाचीही. गाव आपल्याशी सभ्यपणे वागतंय आणि मनातून दुखावलंय, असंच तिला वाटत होतं. ईशा म्हणत होती, आई, रेडमंडला ये. शुभा हो म्हणायच्या बेताला आली होती. घर विकायला काढायचं तर कोणाकडे द्यावं, असं मला विचारतही होती.

परवा आम्ही दोघं मुकुंदच्या वस्तू आणायला बँकेत गेलो. रोझाने ती खोली अजून तशीच ठेवलीय, स्वतः बाहेरच बसते. आत त्याचं टेबल, टेबलासमोर लोकांसाठी ठेवलेली खुर्ची, भिंतीवर ईशाचा लहानपणचा फोटो. शुभा फोटो काढून खोक्यात ठेवत होती. मला राहवेना. म्हटलं, आता कोणीतरी बोललंच पाहिजे, शुभाने या गावात मान खाली घालून फिरायला नको. "रोझा," मी घसा खाकरून सुरुवात केली, "मुकुंदच्या वतीने मला तुला काही सांगायचंय."

"काकांबद्दल?" रोझा म्हणाली.

'अंकल' नाही, तिने 'काका' हा मराठी शब्दच इतका स्वच्छ उच्चारला की शुभाचे हात थांबले. रोझाने दार लावून घेतलं. म्हणाली, आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. न्हाव्याने खिडकीतून बघूनच ओळखलं. वस्तऱ्याने काढलेले केस दुसऱ्या दिवशी खुंट धरतात, गळलेले धरत नाहीत. शिवाय भुवया. तो डोनटच्या दुकानात गेला आणि तिथे बसलेल्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की कोणी विचारायचं नाही, कोणी बँकेतून पैसा हलवायचा नाही, आणि हॅन्सनच्या नातवंडांपैकी कोणाचा फोन आला तर सांगायचं, सबनीस? ठणठणीत आहेत.

"मग त्याला का नाही सांगितलंत?" शुभाने विचारलं. "त्याला केवढं ओझं होतं त्याचं..."

"सांगितलं असतं तर ते आणखी घाबरले असते, मिसेस सबनीस. गावाला कळलं म्हणजे बोर्डालाही कळणार, असं वाटलं असतं त्यांना. म्हणून मग लोक काकांबद्दल विचारायला यायला लागले." ती त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. "इथे बसायचे. आधी म्हणायचे, तुमच्या काकांचं ऐकून वाईट वाटलं. मग विचारायचे, फार दुखायचं का त्यांना? मिस्टर सबनीस सांगायचे, हो, पाठीत फार दुखायचं, पण कामाच्या नादात विसरायला व्हायचं. घाबरले होते का काका? ते म्हणायचे, खूप. पण घरात कोणाला दाखवायचे नाहीत, घरातली माणसं त्यांच्याहून जास्त घाबरलेली होती म्हणून." माझ्याकडे तिने बघितलं नाही, पण मला कान तापल्याचं जाणवलं. "आणि काकांचं एक दुकान होतं म्हणे गावात. दुकानाचं कसं होईल याची त्यांना काळजी होती. लोक म्हणायचे, काका चांगले दुकानदार होते, त्यांचं गाव ते दुकान पडू देणार नाही. असं तासतासभर चालायचं. मी दाराबाहेरून ऐकायचे. कधीकधी हसायचेसुद्धा आतमध्ये."

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. ज्या माणसाच्या तोंडून आमच्यापाशी 'बराय'च्या पलीकडे शब्द निघाला नाही, तो या खोलीत सगळं बोलला होता. कधी न्हाव्याशी, कधी हॅटवाल्या म्हाताऱ्याशी, गावातल्या कोणाकोणाशी. खोटं त्याने एकच सांगितलं आणि त्याच्या आडून मग खऱ्याशिवाय काही बोललाच नाही. मला त्याचा राग आला, हे लपवत नाही. आम्ही काय पाप केलं होतं? आणि त्याच क्षणी कितीतरी महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, कारण तो एकटा नव्हता.

"त्यांना काकूंची सगळ्यात जास्त काळजी होती," रोझा म्हणाली. "काकांच्या बायकोला तुमच्यात काकू म्हणतात ना? ती त्या गावात एकटी कशी राहील, हे ते पुन्हा पुन्हा म्हणायचे."

शुभा खोक्यावर दोन्ही हात ठेवून तशीच उभी होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली. मिस डॉटी, आता काठी घेऊन चालणारी, फुलांच्या दुकानाचा एप्रन तसाच अंगावर. तिला शुभाची गाडी बाहेर दिसली होती. ती आत आली, कोणाला न विचारता टेबलासमोरच्या खुर्चीत टेकली, जराशी धापा टाकत होती. तिने मुकुंदच्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं आणि मग शुभाकडे वळली.

"काकू," ती म्हणाली, "शुक्रवारी मॅचला माझ्या गाडीतून चल. मी काकांना तसा शब्द दिलाय."

शुभाने तोंडावर पदर धरावा तसा हात धरला. नवरा गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती, ती आता रडली. मिस डॉटीने घाई केली नाही. मग शुभाने डोळे पुसले, खोक्यातला ईशाचा फोटो काढून परत भिंतीवरच्या खिळ्याला लावला आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"